गडग्यावरचा नारळ

नोव्हेंबरची नऊ तारीख, रविवार. ठरलेली रक्कम दोन लाख साठ हजार रुपये. त्यात भिंतीचे एक लाख चाळीस हजार, बाकी वाटा, माती आणि रोपं. हजर माणसं चार: घरच्या चाची, गवंडी, मी आणि चाचींचा मुलगा. मुलगा कतारला असतो. तो फोनवर होता आणि फोन पडवीतल्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. हजर माणसं मोजताना मी त्याला धरला, कारण पैसे तोच देणार होता आणि सगळ्यात जास्त तोच बोलत होता.

"मॅडम, झाडं तुम्हाला काय लावायची ती लावा. मना त्यातलं काय कळत नाय. पण तो गडगा काढायचा. तिथे सात फुटी चिऱ्याची भिंत, सिमेंटमधली. वर काच."

"काच कशाला, भाई?" गवंडी म्हणाला. "चोर येणार नाय, मांजर मात्र कापेल."

"काच नको," चाची म्हणाल्या. त्या दिवशी व्यवहाराबद्दल त्या तेवढंच बोलल्या.

घर भाट्याचा पूल ओलांडून पुढे, खाडीच्या अंगाला. पुढे अंगण, मागे विहीर, विहिरीपलीकडे नारळी-पोफळी. एका बाजूला शेजारच्या वाडीची हद्द, आणि हद्दीवर तो गडगा: जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, चुना नाही, सिमेंट नाही, उंची कमरेइतकी. पावसाळ्यात पाणी त्याच्या फटींतून जातं, म्हणून तो शंभर वर्षंही टिकतो. हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "पाण्याला खाली भोकं ठेवा." बरोबर होतं. पाण्याचा प्रश्न भोकांनी सुटतो.

मी परसबागा आखते. नवरा होता तोवर लोक याला माझी हौस म्हणायचे, आता धंदा म्हणतात. नवीन काही करत नाही. कोकणातल्या घराभोवती जे पूर्वीपासून असायचं तेच जागेच्या मापात बसवून देते: धुण्याच्या दगडाचं पाणी अळवाला, अळवातून केळीला, शेवगा स्वयंपाकघराजवळ, फणस कौलांपासून लांब, माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरवेल, पायरीपाशी अबोली. याच विषयावर एका दैनिकात मी बरीच वर्षं दर आठवड्याला लिहिलं. आता संपादक नवे आहेत, त्यांना आठवड्याला सात सोपे उपाय हवे असतात. सात उपाय मला सुचत नाहीत, एखाददुसरा सुचतो. म्हणून लिहिणं कमी झालं. रेडिओ मात्र चालू आहे. शनिवारी सकाळी पंधरा मिनिटं. रेकॉर्डिंग मंगळवारी होतं. एका लहान खोलीत, भिंतींना फोम लावलेला, काचेपलीकडे एक माणूस बोटाने खूण करतो आणि मी 'नमस्कार मंडळी' म्हणते. खोलीत मंडळी नसतात. सुरुवातीला हे अवघड जायचं. घर रिकामं झाल्यावर तेही सोपं झालं.

शनिवारी चहा घेताना मी माझा कार्यक्रम लावते. कुठे चुकले ते कळावं म्हणून लावते, असं मी मुलीला सांगितलं आहे. मुलगी बंगळुरूला असते, रविवारी फोन करते. ती म्हणते, "आई, स्वतःचाच आवाज काय ऐकतेस?" पण सकाळी त्या घरात दुसरा कुठला आवाज असणार? कुकरची शिट्टीही नाही; एका माणसाचा भात मी पातेल्यात करते.

धंद्यातली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. मी शिकले तेव्हा परसातली वाट साडेतीन फूट धरायची पद्धत होती. दोन माणसं बोलत बरोबर चालू शकतील अशी. एकीच्या कडेवर मूल असलं किंवा डोक्यावर हंडा असला तरी धक्का लागू नये. आता मी दोन फूट धरते. गिऱ्हाईक सांगत नाही, मीच धरते. ज्या घरांतून मला बोलावणं येतं, त्यांतल्या बऱ्याच घरांत एकच माणूस राहतो. बहुतेक बाई, वय सत्तरच्या पुढे. मुलं मुंबईला नाहीतर आखातात. दीड फूट वाचतं, चिरा वाचतो, गवत कमी काढावं लागतं. हिशेबाने बघितलं तर दोन फूटच बरोबर आहे. पण आखणीची दोरी ताणताना दर वेळी माझा हात आधी साडेतीनवर जातो.

वाट कुठून काढायची ते मी कागदावर ठरवत नाही. घरातली बाई रोज जशी चालते तशी तिला दोन-तीन सकाळी चालू देते आणि मागून हातात चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन जाते. ती जिथे पाऊल टाकते तिथे चिमूटभर पांढरी फक्की टाकत जायचं. शेवटी जमिनीवर जी नक्षी उमटते, ती तिची बाग. त्यावर मी फक्त चिरे बसवते.

चाचींच्या घरी मी गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन सकाळी गेले.

"कोंबडीच्या पिलासारखी पाठी पाठी काय येतेस गो?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुम्ही चाला, चाची. मी नाहीच असं समजा."

"नाय कशी? चांगली भरलेली बाई हायस."

मागच्या दारातून विहीर, विहिरीवरून कोंबड्यांचं खुराडं, मग शेवगा, मग कपड्यांची दोरी. सरळ चालणं होतं. एकच जागा मला कळेना. नमाज झाला की, कोंबड्या सोडायच्याही आधी, चाची विहीर ओलांडून थेट गडग्यापाशी जात. तिथे काही नव्हतं. ना फुलझाड, ना दगड, ना बसायला जागा. शेजारच्या वाडीतला एक जुना माड तेवढा इकडे झुकलेला होता. त्याच्या खाली गडग्यावर एक नारळ ठेवलेला होता: सोडणासकट, म्हणजे वरच्या जाड सालीसकट, करडा पडलेला, सुकलेला. चाची तो नारळ दोन्ही हातांनी अलीकडच्या कडेवरून पलीकडच्या कडेला ढकलत आणि वळून कोंबड्यांकडे येत. पलीकडे बघतही नसत.

तिन्ही दिवस हेच झालं. अकराच्या सुमाराला मी विहिरीचा घेर मोजत असताना गडग्याच्या पलीकडून हिरव्या काचेच्या बांगड्या भरलेला एक हात आला आणि त्याने नारळ परत अलीकडे ढकलला. हातामागचं माणूस दिसलं नाही.

"चाची, हे काय आहे?"

"काय नाय."

"मग इथवर वाट घालू का?"

"वाट नको घालू. मी येते तशी येते."

शनिवारी मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. पडवीत रेडिओ लागला होता. "गप गो," त्या म्हणाल्या, "तू बोलतेस."

रेडिओवर मी मिरवेलीची छाटणी सांगत होते. चाची खांबाला टेकून ती संपेपर्यंत ऐकत राहिल्या, मधेच "होय, होय" म्हणाल्या, एकदा "हे खोटं हाय" असंही म्हणाल्या. मी शेजारी उभी होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती चांगली सांगते." मला त्यांनी मिरवेलीबद्दल काहीच विचारलं नाही.

नारळाची हकीकत मला पलीकडच्या बाजूने कळली. भिंतीचा पाया किती आत जाईल ते बघायला मी शेजारच्या वाडीत गेले. हिरव्या बांगड्यांचा हात तिथल्या काकींचा होता. घर दर्यावर्दी माणसांचं; मुलगा होडीवर जातो, काकी पहाटे बंदरावरून मासे घेऊन पुलाच्या तोंडाशी बसतात आणि अकराला घरी येतात. मी गेले तेव्हा त्या उरलेले बांगडे साफ करत होत्या.

"भिंत घालताव काय?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "घाला. दहा फूट घाला. तोंड तरी दिसायचं नाय."

"भांडण आहे का, काकी?"

"भांडण कसलं? बोलत नाय आम्ही. दोन वर्षं झाली."

दोन वर्षांपूर्वी चाचींचा मुलगा रजेवर आला तेव्हा त्याने नवी गाडी आणली होती आणि झुकलेल्या माडाखाली लावली होती. नारळ पडला, टपाला पोचा आला. मुलगा म्हणाला, माड तोडा. काकी म्हणाल्या, माड माझ्या नवऱ्याने लावलाय, तुझी गाडी काल आली. चाची मुलाच्या बाजूने बोलल्या. आईने दुसरं काय बोलायचं होतं? पण बोलल्या त्या सगळ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

इकडे रीत अशी आहे की झाडाचं खोड ज्याच्या जमिनीत, नारळ त्याचा. दुसऱ्याच्या परसात पडला तर तो उचलून गडग्यावर ठेवायचा, धनी येऊन घेऊन जातो. झावळ मात्र जिथे पडेल त्या घरची. चाचींनी दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे गाडीवर पडलेला नारळ गडग्यावर ठेवला. काकींनी तो घेतला नाही. "गाडीला लागलेला नारळ मना नको," म्हणाल्या आणि चाचींच्या बाजूला सरकवला. चाचींनी परत ढकलला. ते शेवटचं बोलणं.

"आणि तोच नारळ अजून?"

"तो कुठला! तो पावसाळ्यात रुजला. मग दुसरा ठेवला तिने. त्याला उंदीर लागले. हा चवथा." काकींनी बांगडा धुऊन टोपलीत टाकला. "तिने सकाळी ढकलायचा, मी बाजारातून आले की ढकलायचा. एक दिवस चुकलेला नाय. चुकला तो एकदाच, म्हातारी मोरीत पडली तेव्हा."

हे मला नवीन होतं. मुलाने मला सांगितलं होतं की गेल्या पावसात आई न्हाणीघरात पडली, खुब्याला मार लागला, एका रिक्षावाल्याने बघितलं म्हणून वाचली. भिंत, नवं फाटक आणि कॅमेरा हे सगळं त्या पडण्यातून निघालं होतं.

"रिक्षावाला?" काकी हसल्या. "रिक्षावाल्याला मी बोलावलं. अकराला आले तर नारळ माझ्या बाजूला नाय. काल मी सारला तिथेच. म्हटलं, ही नारळ सोडायची नाय, म्हणजे काहीतरी हाय. गडगा चढून गेले. ह्या वयात. मोरीत पडलेली, अंगावर कपडा धड नाय. पांघरूण घातलं, उचललं."

"तेव्हा बोललात?"

"बोलायचं काय? ती कण्हत होती, मी शिव्या देत होते. ते बोलणं नाय." मग म्हणाल्या, "दवाखान्यातून ती आली त्या सकाळी नारळ माझ्या बाजूला होता. चालता येत नव्हतं तरी आली ढकलायला, मेली."

मी परत येऊन चाचींना विचारलं. त्यांनी आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग विहिरीच्या काठावर बसल्या.

"पोराला सांगू नको."

"का?"

"तो तिच्या दारात जाऊन काय काय बोललाय. आता त्याला सांगू, तिने मना उचललं? उघडी होते मी, बाय. ती बघून गेली. पोराला कसं सांगायचं?"

"मग भिंत झाली की नारळ कुठे ठेवणार?"

त्यांनी गडग्याकडे बघितलं. जांभ्याच्या त्या दगडांवर दोन वर्षं नारळ सरकून एक गुळगुळीत पट्टा पडला होता. चाचींना भिंतीची भीती नव्हती, काचेचीही नव्हती. ती हातभर जागा जाईल याची होती, आणि ते त्यांना मुलाला सांगता येत नव्हतं. सांगायचं तर आधी पडण्याची हकीकत सांगावी लागणार होती.

त्या आठवड्यात मी घरी एक प्रकार करून बघितला. माझ्या परसाच्या पलीकडे आता पाच मजली इमारत आहे. संध्याकाळी मी माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर एक नारळ ठेवला. सकाळी वॉचमन बेल वाजवून तो घेऊन आला. "मॅडम, तुमचा नारळ बाहेर राहिला होता," म्हणाला. चांगला मुलगा आहे. मी त्याला तोच नारळ दिला. त्याने विचारलं, "कसलं काही होतं का आज तुमच्याकडे?" मी म्हटलं, काही नाही.

रविवारी ठरल्याप्रमाणे मुलाचा फोन आला. चाची, गवंडी आणि मी पडवीत. गवंड्याला पायाची तारीख हवी होती.

मी म्हटलं, "भिंतीबद्दल एक बदल सुचवायचा आहे. पण त्याचं कारण मी सांगणार नाही. आईंना विचारा, त्या दिवशी त्यांना उचललं कोणी."

चाचींनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता या घरात पाणीही मिळणार नाही. मी त्यांच्या वतीने काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना सांगायला लावलं होतं. यात फरक किती, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

"अम्मी? रिक्षावाल्याने ना?"

चाचींनी पदर डोक्यावर सारखा केला. "रिक्षावाला मागून आला," त्या म्हणाल्या. "ती आली."

"ती म्हणजे?"

"ती." त्यांनी गडग्याकडे हात केला. फोनमध्ये हात दिसला नसावा, पण मुलाला कळलं. मग तुटक तुटक त्यांनी सगळं सांगितलं, नारळासकट. गवंडी जमिनीकडे बघत बसला होता. तो बोलका माणूस, पण त्या वेळी त्याने खिशातली तंबाखूसुद्धा काढली नाही.

 फोनमध्ये मुलाच्या मागे कुठेतरी एसीचा आवाज येत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मी इथे सहा माणसांच्या खोलीत राहतो. रात्री अम्मीने फोन उचलला नाय की मी बाहेर जिन्यात जाऊन बसतो, परत परत लावतो. तिथे कोणाला लावू? कोणाचा नंबर नाय माझ्याकडे. म्हणून भिंत म्हटलं. दुसरं मी तिथून काय करू शकतो, सांगा."

 भिंत नको असं मी त्याला म्हणू शकत नव्हते. ती त्याची झोप होती.

"भिंत घालू," मी म्हटलं. "सात फूट. काच नाही. नारळाच्या जागी एक खिडकी ठेवू. गडग्याच्या उंचीवर, खाली जाड चिऱ्याची बैठक, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली."

"खिडकीतून माणूस येईल."

"मधे लोखंडी गज."

"मग नारळ कसा जाईल?"

गवंड्याला कंठ फुटला. "नारळाचं माप घेऊ की! माणसाचं डोकं मोठं, नारळ लहान."

"तुझं नाय," चाची म्हणाल्या. "तुझं जाईल."

मुलगा फोनमध्ये हसला. नऊ तारखेपासून त्याचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही खरोखर माप घेतलं. सोडणासकट नारळ आडवा सहा इंच. गजांचं खालचं अंतर सात इंच धरलं, उंची सातच. गवंडी त्यात डोकं घालून बघायला तयार होता, चाचींनी नको म्हटलं. मी आजवर कमळाची कुंडं, वृंदावनं, रहाटाचे चौथरे आखले. आपल्या कामातलं इतकं काटेकोर माप आणखी कुठे घेतल्याचं मला आठवत नाही.

राहिला प्रश्न फाटकाचा. गडगा गेला की काकींना चढून येता येणार नाही. नारळ सरकला नाही हे त्यांना दिसेल, पण त्या पलीकडेच अडकतील. फाटकाला मुलाने कुलूप घ्यायला लावलं होतं, दोन किल्ल्यांचं. तो म्हणाला, "मॅडम, दुसरी तुमच्याकडे ठेवा."

"मला स्कूटरने यायला पाऊण तास लागतो," मी म्हटलं. "तेवढा वेळ मोरीत पडून राहणार का त्या?"

 मग तोच म्हणाला, "तिला द्या. आणि तिचा नंबर मना द्या."

"मी हातात देणार नाय," चाची म्हणाल्या.

भिंत डिसेंबरच्या मध्याला पुरी झाली. गडग्याचे दगड मी फुकट जाऊ दिले नाहीत, विहिरीपासून खिडकीपर्यंतच्या वाटेला वापरले. वाट घालायला चाचींनी शेवटी हो म्हटलं. रुंदी मी दोन फूट धरली. साडेतीनचा विचार मनात आला होता, पण या बाजूने एकच माणूस येणार होता.

ज्या सकाळी सिमेंट पक्कं झालं, त्या सकाळी चाचींनी नारळ खिडकीच्या बैठकीवर ठेवला आणि शेजारी किल्ली ठेवली. दोन्ही एकदमच पलीकडे ढकलली. मी त्या दिवशी अबोलीची रोपं लावत होते. मुद्दाम खिडकीपासून लांब बसले होते, पण लक्ष तिकडेच होतं. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. मग हिरव्या बांगड्या वाजल्या, नारळ गजांखालून खरडत अलीकडे आला. चाची पायरीवर तांदूळ निवडत होत्या. उठल्या नाहीत.

"बघ जा गो," त्या मला म्हणाल्या.

मी जाऊन बघितलं. नारळ होता, किल्ली नव्हती.

"नाही परत आली," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

माझं काम तिथे संपलं. या धंद्यात असंच असतं. बाग जेव्हा बाग व्हायला लागते तेव्हा आखणाऱ्याची गरज संपलेली असते. रोपं धरली का, हे विचारायला मी पंधरा दिवसांनी फोन करते. सहसा उत्तर येतं, होय, धरली. पुढे बोलण्यासारखं काही नसतं. पुलावरून येताना मला वाटलं होतं, चाची कधीतरी चहाला बोलावतील. नंतर लक्षात आलं, त्यांच्या लेखी मी दर शनिवारी त्यांच्या पडवीत असतेच.

मुलाने दोन लाख साठ हजार दोन हप्त्यांत पाठवले, एक दिवसही उशीर न करता. खिडकी मात्र ठरलेल्या रकमेत नव्हती. गज, चिऱ्याची बैठक आणि मजुरी धरून तिचे तीन हजार सहाशे झाले. मुलगा देतो म्हणाला, चाची नको म्हणाल्या; ती त्यांची स्वतःची गोष्ट होती. त्यांनी गवंड्याला अठराशे दिले आणि उरलेले पुढच्या आठवड्यात देते म्हणाल्या. गवंड्याने काम दोन्ही बाजूंनी केलेलं होतं आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. दोन दिवसांत खर्चाचा आकडा काकींना ठाऊक झाला.

चाचींचा फोन आला तो जानेवारीच्या सुरुवातीला. रोपांबद्दल असेल असं मला वाटलं.

"बाय, ये एकदा. हिने वेड लावलंय."

मी गेले. खिडकीत नारळ होता आणि नारळाखाली प्लास्टिकच्या पिशवीत नोटा. आठवडाभर त्या तिथे होत्या. काकींनी आपल्या वाटणीचे म्हणून ठेवले होते. चाची सकाळी नारळासकट पलीकडे सारत, काकी अकराला नारळासकट अलीकडे सारत. गवंडी दारात उभा होता, त्याला त्याचे उरलेले पैसे हवे होते, आणि पैसे डोळ्यांसमोर असून तो हात लावू शकत नव्हता.

"चाची, घ्या की. खिडकी दोघींची आहे."

"तिच्या मासळीचे पैसे मी घेऊ?"

खिडकीपलीकडून आवाज आला, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "मासळीचे पैसे काय खोटे असतात?"

चाचींनी ऐकलं.  मग मला म्हणाल्या, जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "तू घे, बाय. तू घेऊन ह्याला दे. मी घेतले नाय, मी दिले नाय."

मी नारळ उचलून बाजूला ठेवला आणि पिशवीतल्या नोटा तिथेच बैठकीवर मोजल्या, दोन्ही बाजूंना दिसतील अशा. वीसच्या आणि पन्नासच्या, शंभराची एकही नाही. अठराशे पुरे होते. नारळ जसा होता तसा मधोमध ठेवला. मग काकींकडून आलेले ते अठराशे रुपये मी गवंड्याच्या हातात दिले. त्याने नोटा नाकाशी नेल्या, "बांगडा," म्हणाला, आणि खिशात घातल्या.